जन्माचं डबकं कोण सोडतं: नर की मादी?

नमस्कार मंडळी! बडोद्यात पहिला दणकून पाऊस झाला की विश्वामित्रीच्या काठच्या डबक्यांत पिवळेधमक बेडूक दिसतात. रात्रभर कोकलतात ते हेच. सगळे नर. मादी मातकट हिरवी आणि गप्प, त्यामुळे तिच्याकडे कुणी बघत नाही. पण बेडकांच्या बऱ्याच जातींत जन्माचं पाणी सोडून लांब जाते ती मादीच.

आता दर पावसाळ्यात रानातून तळ्यावर येणं आणि अंडी घालून परत जाणं, ते नुसतं येणं-जाणं. मी म्हणतोय ते जन्माचं तळं सोडून दुसऱ्याच तळ्यात संसार थाटण्याबद्दल. हे बहुतेक वेळा लहानपणीच घडतं, शेपूट नुकती अंगात जिरलेली असताना. नखाएवढ्या पिल्लामागे रात्री कोण फिरणार?

म्हणून डीएनए. वेगवेगळ्या तळ्यांतल्या नरांचे नमुने वेगळे तपासायचे, माद्यांचे वेगळे. जे फिरतात त्यांचा डीएनए सगळीकडे मिसळलेला, म्हणून तळ्यातळ्यांत फरक कमी. घर धरून बसणाऱ्यांत तो जास्त. नमुने मात्र वयात आलेल्या बेडकांचेच हवेत. शेपटीवाली पिल्लं अजून कुठे गेलेलीच नसतात, त्यांच्यात नर-मादीचा फरक दिसणार कुठून?

अशाच पद्धतीने 2003 मध्ये अमेरिकन बुलफ्रॉगमध्ये (आपला पिवळा बेडूक वेगळा बरं का!) आणि 2004 मध्ये युरोपातल्या ‘कॉमन फ्रॉग’ नावाच्या बेडकात माद्या जास्त फिरतात असं दिसलं.

का? बुलफ्रॉगचा नर काठावरची जागा अडवतो, तिथून ओरडतो, दुसरा आला की भिडतो. ओळखीच्या काठावर त्याचं फावतं. मादीला जागा राखायची नसते, निवड करायची असते. शिवाय दोघांपैकी एकाने घर सोडलं की भावाबहिणींची जोडी जमत नाही. पक्ष्यांतही बहुधा मादीच लांब जाते, सस्तन प्राण्यांत नर.

पण उभयचरांना एकच नियम लावू नका. आल्प्समधला काळा सॅलमँडर (पालीसारखा दिसणारा, शेपटीवाला उभयचर) घ्या. तिथे मादी जागेवर राहते आणि नर फिरतो. त्याची मादी पाण्यात अंडी घालतच नाही. दोन-तीन वर्षं पोटात वाढवून तयार पिल्लं जमिनीवरच जन्माला घालते. मग तळ्याचा काठ अडवून नराला मिळणार काय?

आणि हो, कॉमेंटमध्ये मगरी मागणाऱ्यांनो, पुढचा व्हिडिओ विश्वामित्रीतल्या मगरींचाच!