सुट्टी नागपूरची, पाळी दुबईची

इतवारीत सकाळपासून ढोल घुमत आहेत. पोळ्याचा पाडवा म्हणजे तान्हा पोळा. संध्याकाळी मुले लाकडी नंदी सजवून दारोदार नेतील आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतील, पण त्याआधी मारबत, म्हणजे वाईटाचा मोठा पुतळा, मिरवणुकीने निघायची आहे. या दिवशी नागपूर जिल्ह्याला स्थानिक सुट्टी असते. जिल्ह्याची वेस ओलांडली की ती संपते. मुंबईच्या कचेऱ्यांतही आज नेहमीचे काम चालू असते.

याच गल्लीतला एक तरुण आयटीआय करून तीन वर्षांपूर्वी दुबईला गेला आणि इमारतींच्या वीजजोडणीच्या कामावर आहे. धुळीने माखलेली तिथली मचाणे आणि भिंतीतून बाहेर आलेल्या नळ्या त्याने स्वतःच्या मोबाइलवर टिपल्या आहेत. दिवाळीला तिथले मराठी लोक एकत्र येतात, मीना बाजारात दिवे मिळतात. मारबतीसाठी मात्र कोणी सुट्टी मागितली, तर ती कशासाठी, हे समजावण्यातच अर्धा दिवस जावा.

काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते. इंग्रजांशी हातमिळवणी केलेल्या भोसले घराण्यातील बांकाबाईचा निषेध म्हणून काळी निघाली, असे सांगितले जाते. पिवळी तऱ्हाणे तेली समाजाची. दोघींच्या मागे गल्लोगल्लीचे बडगे, म्हणजे चालू घडामोडींवर टोला मारणारे पुरुषी पुतळे, येतात. यंदा या गल्लीने परदेशी नोकरीच्या नावाखाली लोकांना बुडवणाऱ्या दलालाचा बडग्या केला आहे. आठ दिवस त्याचे काम चालले. आधी बांबू चिरून कामट्या काढल्या, त्या वाकवून छातीचा पिंजरा बांधला, सांध्यांना सुतळीच्या गाठी मारल्या, त्यावर खळीने रद्दीचे थर चढवले, आणि सुकल्यावर कापड, रंग, मिशा. गळ्यात पुठ्ठ्याच्या पासपोर्टांची माळ आहे. ती वयस्कर काकांची कल्पना, आणि खरे सांगायचे तर साऱ्या मिरवणुकीत आम्हाला तीच सर्वांत आवडली. पूर्वी कामट्या बांधण्याचे काम त्या तरुणाचे असे. आता ते धाकटा भाऊ करतो. जाताना दलालासाठी काढलेले कर्ज अजून फिटलेले नाही.

संयुक्त अरब अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उन्हातले काम बंद ठेवावे लागते. तिथे साडेबारा वाजतात, तेव्हा नागपुरात दोन वाजलेले असतात आणि मिरवणूक भर रस्त्यात असते. एरवी त्या तरुणाचे आईशी बोलणे बोटिम या कॉलिंग अॅपवर होते, पण आज ढोलांच्या गजरात काही ऐकू येणार नाही, म्हणून धाकट्याने चित्रीकरण करून पाठवले आहे. गच्च्यांवर माणसे, खांबाला लटकलेली पोरे, मध्ये डुलत जाणारी पिवळी मारबत आणि हजारो गळ्यांतून एकच आरोळी: ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत!’

दुबईत सावलीत पुठ्ठा अंथरून तो तरुण ते पाहतो आहे. बडग्या वळणावर येतो, तेव्हा त्याचा डावा हात खाली लोंबताना दिसतो. तो तेवढाच भाग पुन्हा लावतो आणि मग भावाला लिहितो: ‘कोपराला आडवी कामटी दिली नाही का बे?’