पंधरवड्याची लेखनबैठक

नमस्कार श्रोतेहो.

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. मालगुंडात केशवसुतांचं स्मारक आहे. वाचनाची आणि कवितेची अशी जुनी सवय असलेल्या या किनाऱ्यावर आजही वाडीवाडीत कुणीतरी वही भरत असतं. अडतं ते पुढे, कारण लिहिलेलं शांतपणे वाचून 'इथे मला कळलं नाही' असं सांगणारं माणूस जवळ नसतं. त्यासाठी गावात लेखनबैठक कशी चालवायची, ते आज सांगतो.

सहा ते आठ माणसं पुरे. बारा झाली की प्रत्येकाला आपलंच वाचायची घाई होते आणि बैठकीचं कविसंमेलन होतं. पंधरा दिवसांनी एकदा, ठरलेल्या वारी, दोन तास बसा. जागा वाचनालयाची, शाळेच्या वर्गाची, नाहीतर कुणाच्या पडवीची.

वेळापत्रक मात्र कोकणाचे दिवस बघून आखा. मे महिन्यात आंबा, जुलैत लावणी, भाद्रपदात गणपती, फाल्गुनात शिमगा. या दिवसांत महिन्यातून एकदाच भेटा, पण बंद करू नका. सलग तीन बैठका चुकल्या की मंडळ पुन्हा जमवणं फार जड जातं. होडीवर जाणाऱ्यांना जून-जुलैत, मासेमारी बंद असताना, त्यातल्या त्यात सवड असते. त्यांच्या लिखाणाची पाळी तेव्हा लावा.

पहिली वीस मिनिटं सगळ्यांनी जागेवरच लिहायचं. विषय लहान आणि हाताला लागेल असा हवा. 'पाऊस' दिलात की आठही वह्यांत तोच मृद्गंध उतरतो. त्याऐवजी 'पागोळ्यांखाली ठेवलेलं भांडं' द्या, किंवा 'पाखाडी उतरताना भेटलेलं माणूस' द्या. मग प्रत्येकाला काहीतरी आठवावंच लागतं. पावसाळ्यात शाईचं पेन नको, दमट कागदावर अक्षर फुटतं. बॉलपेन वापरा आणि वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

नंतर तीन जणांचं लेखन घ्यायचं. प्रत्येकी चारशे-पाचशे शब्द, प्रत्येकाला पंचवीस मिनिटं. झेरॉक्स तीन दिवस आधी सगळ्यांच्या हाती पडायला हवी. आठ जणांत दर दीड महिन्याने आपली पाळी येते, तेवढ्यात एक लेख दोनदा लिहून होतो.

आता महत्त्वाचं. लेख लेखकाने वाचायचा नाही, दुसऱ्याने मोठ्याने वाचायचा. लेखकाला कुठे थांबायचं, कशावर जोर द्यायचा हे ठाऊक असतं, त्यामुळे तो आवाजाने उणिवा झाकतो. परका माणूस अडखळला की तिथे पेन्सिलीने खूण करा. बहुतेक वेळा वाक्य लांबलेलं असतं, नाहीतर 'तो' म्हणजे नेमका कोण, हे हरवलेलं असतं.

वाचून झाल्यावर दहा मिनिटं लेखक गप्प. बाकीच्यांनी तीनच गोष्टी सांगायच्या: डोळ्यांसमोर काय उभं राहिलं, कुठे गोंधळ झाला, कुठे लक्ष उडालं. 'छान' हा शब्द बाजूला ठेवा, त्यातून लेखकाला काहीच हाती लागत नाही. 'मी असतो तर असं लिहिलं असतं' हेही नको. आणि बोलायची सुरुवात सगळ्यांत नव्या माणसापासून करा. ज्येष्ठ आधी बोलले की उरलेले माना डोलावतात.

बोलीचं जपा, ही आमची कळकळीची विनंती. गडगा, व्हाळ, कातळ, खाजण, रापण हे शब्द खोडून कुणी 'कुंपण', 'ओढा' घालायला लागलं तर त्याला थांबवा. गडगा म्हणजे एकावर एक रचलेले दगड, कुंपण म्हटलं की ते दगड दिसेनासे होतात. पात्रं मालवणीत बोलत असतील तर बोलू द्या. संगमेश्वरी आणि मालवणी एकाच तोंडी मिसळली आहे का, एवढं मात्र त्या त्या भागातल्या माणसाकडून तपासून घ्या.

शेवटची दहा-पंधरा मिनिटं चहाची. उठण्याआधी पुढची तारीख आणि तिघांची नावं वहीत लिहा, आणि त्या तिघांना काय आणणार ते तिथेच मोठ्याने सांगायला लावा.