दहा टायरचा ट्रक सहावर येतो

(सुरुवातीला म्युझिक नको. पान्याचा आवाज तसाच राहू दे, मग निवेदन.)

नीट बघा, नट सुटतोय पण पाना फिरतोय उजवीकडे. या ट्रकच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे आहेत, बोल्टच्या टोकावर एल कोरलेलाय तो आता क्लोजअपमध्ये दिसेल. हे ज्याला माहीत नाही तो पान्याला लांब पाइप लावून लटकतो आणि शेवटी बोल्ट मोडून ठेवतो.

ट्रक आहे एम-३५ ए-२, अमेरिकन आर्मीचा, आणि आपण आहोत पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतावरच्या शेडमध्ये. अडीच टनी म्हणून ओळखला जातो, पण ते अडीच टन कच्च्या रस्त्याचे, डांबरीवर पाच टनांना पास आहे. रिकामाच सहा टनांच्या आसपास भरतो. रिओ कंपनीनं १९५० च्या सुमारास ही मालिका आणली, व्हिएतनाममध्ये हेच ट्रक होते, आणि मल्टिफ्युएल इंजिनचं तर काय सांगावं, डिझेल घाला, रॉकेल घाला, अगदीच वेळ आली तर पेट्रोलवरही ओढतो. आर्मीनं काढून टाकल्यावर लिलावात निघाले आणि शेतकऱ्यांनी, लाकूडवाल्यांनी, हौशी लोकांनी घेतले. म्युझियमवाल्यांना याला हात लावलेला आवडत नाही. पण हा ट्रक शोसाठी ठेवलेला नाहीये, जंगलातून लाकडं ओढतो.

आता हा चिखलातला शॉट. पुढे एकेक चाक, मागे दोन एक्सल आणि प्रत्येक बाजूला जोडचाक, असे एकूण दहा टायर. पुढचं चाक चिखलात एक चाकोरी पाडतं, पण मागचं जोडचाक त्या चाकोरीत मावत नाही, त्याला स्वतःची नवीन वाट कापावी लागते आणि इंजिनची ताकद तिथेच खर्ची पडते. शिवाय दोन टायरच्या मधे चिखल घट्ट बसतो, दगड अडकतात. आपल्याकडे खाणीच्या रस्त्याला क्लीनर टॉमी घेऊन चाकामधला दगड काढत बसलेला असतो ना, तेच काम इथे मालक स्वतः करतो, वय सत्तरीच्या पुढे.

मग सरळ बाहेरचं चाक काढून टाकायचं, झालं की! नाही होत, आणि या व्हिडिओची सगळी गंमत इथेच आहे. जोडचाकाची रचना बघा, आतल्या चाकाची डिस्क, म्हणजे मधली लोखंडी तबकडी, आणि बाहेरच्या चाकाची डिस्क एकमेकींना पाठ लावून बसतात आणि हबची, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या तुंब्याची, फ्लँज, म्हणजे जिथे बोल्ट असतात ती चकती, ती आतल्या डिस्कच्या मागे, साधारण दोन टायरच्या मधे येते. नुसतं आतलं चाक ठेवलं तर ते पुढच्या चाकाच्या रेषेपेक्षा आत जातं आणि रुंद टायर असेल तर स्प्रिंगला घासतो. नुसतं बाहेरचं ठेवलं तर चाक बाहेर लोंबतं आणि बेअरिंगवर वाकडा भार येतो. दोन्हीकडून पंचाईत. म्हणून फ्लँजच बाहेर सरकवायची, आणि त्यासाठी नवीन काही विकत घ्यायचं नाही, हबच उलटा करून बसवायचा.

आधी एक्सल शाफ्ट बाहेर. हा फुल फ्लोटिंग एक्सल आहे, म्हणजे ट्रकचं वजन शाफ्टवर नसतंच, ते हाउसिंगवर असतं, त्यामुळे बोल्ट काढले की शाफ्ट ओढून हातात येतो. मग बाहेरचा नट, लॉक वॉशर, आतला नट. आतल्या नटाला खास मोठा पाना लागतो, पण लोकं छिन्नी-हातोडीनं ठोकून काढतात आणि नटाची वाट लावतात, इथे तसं केलेलं नाही, पाना आणलाय, तो शॉट मुद्दाम लांब ठेवलाय. बाहेरचं बेअरिंग निघालं की हब आणि ब्रेकचा ड्रम एकत्रच येतात आणि ते वजन एकट्यानं उचलायच्या भानगडीत पडू नका. ड्रम वेगळा, हब वेगळा. जुनं ग्रीस बघा, काळं पडून डांबरासारखं झालंय. सगळं रॉकेलनं धुतलं, बेअरिंगच्या कपवर, म्हणजे रोलर ज्यात फिरतात त्या बाहेरच्या कड्यावर, बोट फिरवून खड्डा लागतोय का बघितलं, एका कपला लागला, तो बदलला. ऑइल सील सगळेच नवीन, जुनं सील परत घालून पैसे वाचवणाऱ्याला पुढे ब्रेकच्या लायनरवर ऑइल मिळतं.

नवीन ग्रीस हाताच्या तळव्यावर घेऊन बेअरिंगमध्ये असं दाबायचं, दुसऱ्या बाजूनं बाहेर येईपर्यंत. हब उलटा, ड्रम परत लायनरवर. आतला नट आवळताना ड्रम फिरवत राहायचं म्हणजे रोलर आपल्या जागी बसतात, मग थोडा ढिला सोडायचा, लॉक वॉशर आणि बाहेरचा नट परत बसवून वॉशरचा कान दुमडायचा. चार हब, चौघांना तेच.

जोडचाकाचे नटही गेले. आतल्या चाकाला चौकोनी डोक्याचा लांब नट असतो आणि त्याच्यावर बाहेरच्या चाकाचा मोठा नट बसतो, एकट्या चाकाला पुढच्या एक्सलवर असतात तसले साधे नट लावायचे. टायर बघा आता. जुना ९.००-२० चा, उंची मीटरभराहून थोडी जास्त. नवीन ३९५/८५ आर २०, जवळपास १ मीटर १८ सेंटिमीटर, त्याला रिम वेगळी रुंद घ्यावी लागली. एक्सल जमिनीपासून सात-आठ सेंटिमीटर वर आला.

आणि ज्यांना वाटतं की हे गॅरेजवाल्यांचं खूळ आहे, त्यांच्यासाठी, १९९० च्या दशकात आर्मीनंच एम-३५ ए-३ काढला त्यात मागे एकेकच रुंद चाक, वर ड्रायव्हरच्या सीटवरून टायरची हवा कमीजास्त करायची सोय. त्यांनी हिशोब करूनच केलं असणार ना.

भार कमीच टाकायचा आता, पंक्चर झालं तर शेजारचा टायर नाही, मोठ्या टायरमुळे चढाला इंजिन आणि उताराला ब्रेक दोन्ही जास्त राबतात आणि या ट्रकच्या ब्रेकचं सर्किट एकच आहे, म्हणजे एका ठिकाणी गळालं की सगळेच ब्रेक गेले, हे लक्षात ठेवा.

(चिखलातला दुसरा शॉट, इथे बोलायचं नाही.)

तोच चढ, तोच चिखल. मागची चाकं पुढच्या चाकोरीतूनच येतायत. वर आल्यावर मालक उतरून प्रत्येक हबला हाताची पाठ लावतो, गरम लागला तर बेअरिंग जास्त आवळलंय. कोमट आहे. नट परत एकदा आवळले, डावीकडचे डावीकडे फिरवून.