तीन किलोवॅटचं काम

(जिना. दोन मुलं सौर पॅनेल गच्चीवर आणताहेत.)

जिन्याच्या वळणावर नीट बघा. पुढचा मुलगा थांबतो, मागचा पॅनेल उभं करतो, मग दोघं एकदम वळतात. वजन 28 किलो, लांबी साडेसात फूट, रुंदी पावणेचार फूट. हे एकट्यानं डोक्यावर घेऊन चढवायचं नाही. काचेवर पाय ठेवायचा नाही, गुडघासुद्धा टेकवायचा नाही. पॅनेल वाकलं की आतल्या सिलिकॉनच्या चकत्यांना बारीक तडे जातात. ते वरून दिसत नाहीत. वीज मात्र हळूहळू कमी होत जाते, आणि असं का होतंय हे घरमालकाला शेवटपर्यंत कळत नाही.

सोलापूर शहराच्या कडेला असलेलं हे प्रशिक्षण केंद्र. महिना मे. घराच्या छतावर सौर पॅनेल बसवायचं, जोडायचं आणि तपासायचं काम इथं शिकवलं जातं. शिकणारे बहुतेक जण आयटीआय झालेले आहेत. कोणी वीजतंत्री, कोणी तारतंत्री, दोघं-तिघं जोडारी. मुलीही आहेत.

केंद्र सरकारनं 2015 साली 'सूर्यमित्र' नावाचा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला. गुरुग्रामजवळच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेकडे त्याची जबाबदारी होती. मूळ आखणी 600 तासांची, म्हणजे साधारण तीन महिन्यांची. दहावी आणि त्यावर आयटीआय असेल तर प्रवेश. शिकणं, राहणं, जेवण मोफत. या केंद्रातली शिकवणी त्याच आखणीवर चालते.

त्यानंतर फेब्रुवारी 2024 मध्ये पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना आली. उद्दिष्ट एक कोटी घरांचं, तरतूद 75,021 कोटी रुपयांची. घरावर तीन किलोवॅटचा संच बसवला तर 78,000 रुपये अनुदान. अनुदानाचा आकडा गावोगावच्या फलकांवर झळकला. पण एक कोटी छतांवर चढणार कोण, आणि त्यांना हे काम कोण शिकवणार, हे त्या फलकांवर कुठं दिसलं नाही. त्याचं उत्तर अशा गच्च्यांवर शोधावं लागतं.

(स्लॅबवर खडूच्या रेघा. पाण्याची टाकी.)

पॅनेल कुठं ठेवायचं, ते सावली ठरवते. आत्ता मे महिन्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर आहे, टाकीची सावली तिच्या पायाशीच पडली आहे. मग या मुली टाकीपासून इतक्या लांब खडूनं रेघ का मारताहेत? त्या डिसेंबरची सावली आखताहेत. 21 डिसेंबरला सोलापुरात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून 49 अंशांच्या आसपासच चढतो. त्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमाराला पाच फूट उंच टाकीची सावली वायव्येकडे पावणेनऊ फुटांपर्यंत लांबते. तेवढी जागा आधीच सोडायची. कागदावर गणित करून मग रेघ मारायची, आणि गणित प्रत्येकानं स्वतः करायचं.

एवढी काळजी कशासाठी, ते पुढच्या दृश्यात आहे. सरांनी पॅनेलच्या एका कोपऱ्यावर नुसतं पुठ्ठ्याचं खोकं धरलंय. मीटरवरचा आकडा पाहा. पॅनेलमध्ये चकत्या एकामागे एक जोडलेल्या असतात. एक झाकली गेली की तिच्या गटातून येणारी वीज अडते. आत तीन बायपास डायोड, म्हणजे अडलेल्या गटाला वळसा घालून वीज पुढं नेणारे भाग असतात, म्हणून तेवढ्या गटाचंच नुकसान होतं. म्हणजे खोक्याएवढ्या सावलीनं पॅनेलची तिसरा हिस्सा वीज गेली.

(दुपार. तापमापक पॅनेलच्या पाठीला लावलेला.)

पाठीचं तापमान 65 अंश. पॅनेलच्या मागे चिकटवलेल्या पत्रकावर 540 वॅट लिहिलेलं असतं, ते प्रयोगशाळेतल्या 25 अंशांचं. वर गेलेल्या दर अंशामागे या जातीच्या पॅनेलची ताकद सुमारे 0.35 टक्के घटते. चाळीस अंशांचा फरक, म्हणजे चौदा टक्के गेले. 540 चे उरले 465 च्या आसपास, आणि तेही ऊन पूर्ण असेल तर.

"मग सर, उन्हाळ्यात वीज जास्त मिळायला पायजे ना?"

"ऊन जास्त, पण ताप पण जास्त. खालून वारा जाऊ दे त्याला. म्हणून स्ट्रक्चर उचलून घ्यायचं."

उचलून घेतलेल्या या सांगाड्यावर बराच वेळ जातो, आणि जायलाच हवा. पाय स्लॅबमध्ये रोवायचे की काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभे करायचे? स्लॅबला भोकं पाडली आणि ती नीट बुजवली नाहीत तर पहिल्याच पावसात खालच्या खोलीत ओल उतरते. ठोकळे हलके पडले तर वळवाच्या वाऱ्यात आख्खा सांगाडा उचलला जातो. पॅनेल आडवं धरलं की वाऱ्यापुढं ते शिडासारखं वागतं. म्हणून वारा सुटला की उचलायचं काम थांबवायचं, हा इथला नियम आहे. क्लॅम्पचा बोल्ट नुसता हातानं आवळून भागत नाही. टॉर्क रेंच टक् करून वाजेपर्यंत आवळायचा, त्यापुढं नाही. जास्त आवळला तर काचेवर ताण येतो.

(जवळून: हात, केबल, क्रिंपिंगचा पक्कड.)

आता या कामाचा गाभा. चार चौरस मिलिमीटरची केबल. टोकाचं आवरण मोजून सोलायचं, तांब्याची एकही तार तुटू द्यायची नाही, पिन चढवायची, पक्कड पूर्ण दाबायचा. मग एमसी-फोर कनेक्टरमध्ये पिन सरकवायची. आतून खट् असा आवाज आला पाहिजे. आला नाही तर काढून पुन्हा. नंतर ओढून बघायचं. एका कंपनीचा नर आणि दुसऱ्या कंपनीची मादी बसते, आवाजही येतो. तरीही ती जोडी लावायची नाही. मापात किंचित फरक असतो, सांधा तापतो, आणि छतावरच्या कितीतरी आगींचं मूळ अशा तापलेल्या सांध्यात असतं.

घरातल्या वायरिंगची सवय असलेल्या मुलांना इथं नव्यानं सुरुवात करावी लागते. घरातला प्रवाह एसी. तो सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी पडली तरी विझायला तिला संधी मिळते. पॅनेलमधून येतो तो डीसी. तो शून्यावर येतच नाही.

(टेबलावरचं प्रात्यक्षिक. सरांच्या हातात जाड हातमोजे, चेहऱ्यावर काच.)

चालू भारावर कनेक्टर ओढला की काय होतं, ते पाहा. हे घरी कुणीही करू नका. ही निळी-पांढरी ज्वाळा आपोआप विझत नाही. सहा पॅनेलं एका रांगेत जोडली की या उन्हातही अडीचशे व्होल्टच्या पुढं जातात, थंड सकाळी तीनशेजवळ. आणि पॅनेलला बटण नसतं. जोवर उजेड आहे तोवर ते जिवंत आहे.

(मैदान. खड्डा, काळी माती.)

मग अर्थिंग. तीन स्वतंत्र: एक वीजरोधकाचं, म्हणजे आकाशातून पडणारी वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याचं, एक डीसी बाजूचं, एक एसी बाजूचं. खड्डा, तांब्याचा मुलामा दिलेली सळई, भोवती ओल धरून ठेवणारं मिश्रण. त्यानंतर अर्थ टेस्टर लावून, दोन खुंट्या जमिनीत ठोकून रोध मोजायचा. इथं पाच ओहमपेक्षा जास्त आला तर काम पास होत नाही. खर्च कमी करायचा म्हटलं की बाजारात पहिली कुऱ्हाड अर्थिंगवर पडते, कारण मातीखाली काय पुरलंय ते गिऱ्हाईक उकरून बघत नाही. म्हणून या केंद्रात खड्डा मुलांकडूनच खणून घेतात. उन्हात कुदळ चालवताना ही मुलगी थांबते, घाम पुसते, पुन्हा सुरू करते. तिची सळई अजून दीड फूट वर आहे.

(हार्नेस घातलेली तीच मुलगी, पत्र्याच्या उतारावर.)

पत्र्याच्या छतावर पाऊल ठेवण्याआधी हार्नेस, म्हणजे अंगावर बांधायचा सुरक्षा पट्टा. दोन दोर. एक अडकवल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही.

(इन्व्हर्टर. सर मुख्य स्विच बंद करतात. दिवा जातो.)

बाहेरची वीज बंद केली आणि पॅनेलच्या डीसीचा एसी करणारा इन्व्हर्टरही बंद पडला. ऊन तर लख्ख आहे! नवीन गिऱ्हाईक इथं हमखास नाराज होतं, की एवढे पैसे घातले आणि लाईट गेल्यावर आपल्याकडेही अंधारच. त्याला नीट समजावून सांगणं हादेखील शिकवणीचा भाग आहे. लाईन दुरुस्त करायला वायरमन खांबावर चढलेला असतो. त्या वेळी आपल्या छतावरून तारेत वीज गेली तर तो जाईल. म्हणून बाहेरच्या तारांच्या जाळ्यात वीज नाही असं कळताच इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. बंद पडताना मुलांनी वेळ मोजली, वीज परत आल्यावर किती वेळानं तो पुन्हा जोडला गेला तेही मोजलं, आणि दोन्ही वहीत लिहिलं.

परीक्षक बाहेरून येतात. लेखी, प्रात्यक्षिक आणि तोंडी. प्रात्यक्षिकात तयार जोडणीत मुद्दाम दोष ठेवलेला असतो, तो मीटरनं शोधायचा. ही मुलगी आधी डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा स्विच, बंद करते, मग क्लॅम्प मीटरवर प्रवाह शून्य झाल्याची खात्री करते, आणि मगच कनेक्टरला हात लावते. परीक्षक काही बोलत नाहीत, कागदावर खूण करतात.

प्रमाणपत्र मिळाल्यावर बहुतेक जण आधी एखाद्या ठेकेदाराच्या हाताखाली लागतात. पगार सुरुवातीला बेताचाच. मीटरपर्यंतच्या वायरिंगची कामं स्वतःच्या सहीनं करायची तर सरकारी परवाना वेगळा काढावा लागतो, आणि योजनेतली कामं स्वतःच्या नावावर घ्यायची तर विक्रेता म्हणून नोंदणी. या तुकडीतल्या दोघींनी परवान्याचा अर्ज भरला आहे.