काचेवरचे कागद (फिल्मची संहिता)

[महाल, नागपूर. सकाळचे सहा. कूलर बंद. टेबलावर पिवळट पडलेला कॉम्प्युटर, शेजारी झाकणाचा सपाट स्कॅनर.]

मे महिन्यात नागपुरात जुना कागद स्कॅन करायचा असेल, तर सकाळी सहाला बसावं लागतं. आठ वाजले की घरात कूलर लागतो, आणि मग साठ-सत्तर वर्षांचा कागद टेबलावर टिकत नाही. उडतो. उडाला नाही तर वाळ्याच्या ओल्या हवेनं मऊ पडतो, त्याच्या कडा वळतात, आणि तो काचेला सपाट चिकटून बसत नाही. म्हणून आमच्याकडे हे काम चहाच्याही आधी सुरू होतं.

हा कॉम्प्युटर २००९ सालचा. मी कॉलेजात होतो तेव्हा बाबांनी घेतलेला. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, एक जीबी रॅम, १६० जीबीची हार्डडिस्क. पुढे घरात लॅपटॉप आला, सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, आणि हा जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला. स्कॅनरही त्याच्याच सोबत. भंगारवाला दोनदा दारात येऊन गेला. आईनं दोन्ही वेळा त्याला परत पाठवलं. बिघडलेलं काही नाही, मग द्यायचं कशाला, एवढंच तिचं म्हणणं.

खाली उतरला तो शेजारच्या काकूंमुळे.

[काकूंच्या हातातली प्लास्टिकची पिशवी. आत घडी पडून फाटत आलेले कागद.]

त्यांच्या मुलीची बारावी झाली होती आणि जात वैधता प्रमाणपत्राची धावपळ चालली होती. ज्यांनी ही धावपळ केली आहे, त्यांना या तारखा पाठ असतात. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. त्या तारखेच्या आधीचा कागद शोधायचा. पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल पंजीची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची नक्कल, जमिनीचा जुना उतारा, जे सापडेल ते. काकूंना एक दाखला सापडला होता. मोबाइलनं त्याचा फोटो काढून त्यांनी अर्जाला जोडला, आणि अर्ज त्रुटीत निघाला. कागद अस्पष्ट.

त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं ते झाकणाचं मशीन होतं ना जी? चालते का अजून?"

मी तो फोटो पाहिला. वर ट्यूबलाइटची चमक, खाली मोबाइल धरलेल्या हाताची सावली. आणि कागदाची घडी जिथं वर उचलली होती, नेमकी तिथंच जातीच्या रकान्यातली अक्षरं वाकडी होऊन पुसट झालेली. मोबाइलचा कॅमेरा चांगलाच होता. पण कॅमेरा दुरून बघतो, आणि त्याला खोलीतला उजेड जसा असेल तसा घ्यावा लागतो. स्कॅनर स्वतःचा दिवा घेऊन कागदाच्या खालून ओळ न् ओळ चालत जातो. सगळीकडे सारखा उजेड, सगळीकडे सारखं अंतर. ३०० डीपीआयवर काढलेल्या पानात एक इंच म्हणजे बरोबर ३०० ठिपके, मधोमधही आणि कोपऱ्यातही.

[माळ्यावरून उतरवलेला कॉम्प्युटर अंगणात. ब्रशनं धूळ झाडणारे हात.]

कॉम्प्युटर लगेच चालू केला नाही. आधी अंगणात नेऊन उघडला. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीचा अक्षरशः नमदा बसला होता. तो मऊ ब्रशनं काढला, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडू झाली होती, ती पुसून नवी लावली. नागपूरच्या उन्हाळ्यात हे टाळून चालत नाही. खोलीच चाळीस अंशांवर असली की गुदमरलेला प्रोसेसर दहा मिनिटांत तापतो आणि मशीन आपणहून बंद पडतं. लोकांना वाटतं, मदरबोर्ड गेला. मदरबोर्डवरचे कपॅसिटर, म्हणजे त्या छोट्या नळकांड्या, मात्र डोळ्यांनी तपासले. डोकं फुगलेलं असेल तर खरंच दुरुस्ती लागते. आमचे सपाट होते. मग तीन व्होल्टचा बटन सेल बदलला, सीआर २०३२ म्हणतात तो. तो संपला की मशीन दर वेळी जुनीच तारीख दाखवतं, आणि तारीख चुकली की स्कॅन केलेल्या फायलींचा क्रमही चुकतो.

सीताबर्डीवरून डीडीआर २ ची जुनी रॅम आणली आणि चार जीबी केली. फिरत्या चकतीची हार्डडिस्क काढून तिच्या जागी लहान एसएसडी बसवली, चकती नसलेली आणि म्हणून वेगवान. खरा फरक या एसएसडीनं पडला. आधी मशीन सुरू होईपर्यंत आई आंघोळ करून यायची, आता चहा गाळून होतो.

राहिला प्रश्न विंडोजचा. यावर एक्सपी होतं, आणि एक्सपीचा आधार, म्हणजे कंपनीकडून येणारे सुरक्षेचे अपडेट, ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबला. विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. या शेवटच्या तारखेनं कितीतरी घरांतले धडधाकट कॉम्प्युटर जुने ठरले, कारण विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय त्यांच्यात नाही. यंत्र तेच, वीज तीच, कामही तेच. हे मला मनापासून खटकतं, आणि ही फिल्म करण्याचं एक कारण तेही आहे.

आम्ही विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकलं, त्यातलं एक्सएफसीई नावाचं हलकं रूप. फुकट आहे, पेन ड्राइव्हवरून बसतं. ज्यांच्याकडे दोन जीबी रॅम आहे त्यांचंही भागतं, चार असली की सुखानं चालतं. फक्त या मशीनकडून व्हिडिओ पाहण्याची आणि वीस टॅब उघडण्याची अपेक्षा ठेवायची नाही. आजची इंटरनेटची पानं फार जड झाली आहेत, त्यांच्यापुढं ते दमतं. स्कॅन करणं, फाइल लहान करणं, छापणं, टाइप करणं यांत ते जराही मागं पडत नाही.

[स्कॅनरचं झाकण उघडतं. दिवा लागतो.]

स्कॅनरनं तर मला चकित केलं. घरातल्या नव्या लॅपटॉपला जोडला तेव्हा त्यानं ओळखच दिली नव्हती. याचा ड्रायव्हर ३२ बिटचा होता, ६४ बिटच्या विंडोजवर तो बसत नाही, आणि बनवणाऱ्यांनी नवा काढला नाही. दुकानदार म्हणाला, नवीन घ्या. लिनक्समध्ये मात्र 'सेन' नावाची व्यवस्था असते. जगभरच्या लोकांनी हौसेनं आणि मेहनतीनं शेकडो जुन्या स्कॅनरांसाठी लिहून ठेवलेली. वायर लावली, स्कॅनिंगचं प्रोग्रॅम उघडलं, आणि नाव समोर आलं. सीडी नाही, डाउनलोड नाही. प्रत्येक स्कॅनरचं असं होईलच असं नाही, पण फेकण्याआधी हे एकदा करून पाहाच.

तो पहिल्यांदा सुरू करताना एक गोष्ट बघा. पुष्कळ स्कॅनरांच्या पोटाशी किंवा बाजूला एक कुलूप असतं, ने-आण करताना आतला दिवा हलू नये म्हणून. ते लागलेलं राहिलं की स्कॅनर करकरतो आणि थांबतो. कितीतरी चांगली मशीनं या एका खटक्यापायी बिघडलेली म्हणून पडून असतात.

काकूंचा दाखला काचेवर ठेवला. घडी हातानं न दाबता वर जाड पुस्तक ठेवून सपाट केली. कागद इतका पातळ होता की मागची अक्षरं पुढं उमटत होती. अशा वेळी मागं पांढरा नाही, काळा कागद ठेवायचा. मागची शाई त्या काळ्यात विरते. ३०० डीपीआय, रंगीत. शिक्का निळा असतो, सही वेगळ्या शाईची असते, हे फरक काळ्या-पांढऱ्यात हरवतात.

ए फोर पान रंगीत ३०० डीपीआयवर काढलं की न दाबता सुमारे २६ एमबी होतं. अर्जाच्या पानाला काहीशे केबी हवे असतात. इथंच बहुतेकांची गडबड होते. मूळ स्कॅन पुसून त्याचंच लहान रूप करतात, आणि पुढच्या कचेरीला मोठं लागलं की पुन्हा पहिल्यापासून. मूळ स्कॅनची टिफ फाइल जपून ठेवायची, अर्जासाठी तिची वेगळी जेपीजी किंवा पीडीएफ काढायची. काकूंचा अर्ज त्याच आठवड्यात पुन्हा गेला आणि या वेळी कागदाबद्दल काही हरकत आली नाही. मूळ दाखला तपासणीला दाखवावा लागतोच, स्कॅन त्याची जागा घेत नाही. पण तो सारखा सारखा हाताळला जाणं थांबलं.

[टेबलाभोवती दोन-तीन माणसं. कुणाच्या हातात अल्बम, कुणाच्या हातात वही.]

मग बडकस चौकापर्यंत बातमी गेली. कुणी लग्नाचे फोटो आणले. अडीच बाय साडेतीन इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर काढला तर पाच बाय सात इंचांचा छापता येतो, तसाच नितळ. काचेला चिकटून बसलेला फोटो फ्रेममधून ओढायचा नाही, काचेसकट स्कॅन करायचा. तिथं स्कॅनरची जातही कळते. जुन्या जाड स्कॅनरात सीसीडी नावाचं सेन्सर असतं, त्याला थोडं आतलं, खोलीतलंही दिसतं. सीआयएस सेन्सरच्या पातळ स्कॅनरला काचेला टेकलेलंच तेवढं स्पष्ट दिसतं.

एक निवृत्त शिक्षक आले, त्यांच्याजवळ मोडी लिपीतलं खरेदीखत होतं. स्कॅन उत्तम आलं. पण छापील मराठी पानावरून मजकूर उचलणारं टेसरॅक्ट हे प्रोग्रॅम मोडीपुढं थांबतं. मोडीला युनिकोडमध्ये जागाच २०१४ साली मिळाली. ते खत वाचायला माणूसच लागतो. सर म्हणाले, "वाचणारे आहेत, पण त्यांना गावोगाव फिरून खत कसं दाखवू?" आता स्कॅन पाठवता येतो, आणि मोठं करून पाहता येतो.

स्कॅनरची काच पुसायची असली तर वायर काढून, कापडावर काच पुसायचं थेंबभर औषध घेऊन. काचेवर फवारा नाही. तो कडेनं आत शिरला की डाग आतून पडतो. कूलरसमोर तर मशीन ठेवूच नका, ही माझी सगळ्यांना हात जोडून विनंती.

[आईच्या हातात खाकी पाकीट. आत जाड कागदाचा पास.]

हा पास आबाजींचा, म्हणजे माझ्या आजोबांचा. एम्प्रेस मिलचा. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली ती गिरणी २००२ साली बंद झाली. आबाजी त्याआधीच गेले. पासाच्या पुढच्या बाजूचं नाव वाचता येतं. मागची बाजू कोरी, असं आम्ही सगळे वर्षानुवर्षं समजत होतो.

सवयीनं मी दोन्ही बाजू काढल्या. ६०० डीपीआय, रंगीत. मागच्या बाजूचा गडदपणा पडद्यावर हळूहळू वाढवला, तर राखाडी रेघा दिसायला लागल्या. पेन्सिल. ज्वारी. तेल. काडीपेटी. पुढं आणे. आणि सगळ्यात खाली, जरा दाबून लिहिलेलं: बेबीचा फ्रॉक.

बेबी म्हणजे माझी आत्या. मोठी झाली, आजी झाली, सत्तरी ओलांडली. आईनं तिला लगेच फोन लावला आणि ती यादी वाचून दाखवली. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग आत्या म्हणाली, तिच्याकडं आबाजींची एक पत्र्याची पेटी आहे, त्यातही कागद आहेत, ती घेऊन येते.

उद्या येणार आहे. सहालाच ये म्हणून सांगितलं आहे, कूलर लागायच्या आधी.

[झाकण बंद. फटीतून दिव्याची रेघ सरकत जाते.]