निळा धूर : हेड की बोअर?

थंडीत सकाळी मोटरसायकल चालू केली आणि सायलेन्सरमधून पांढुरकं काहीतरी निघालं, तर ती बहुतेक वाफ असते. पेट्रोल जळताना पाणीही तयार होतं. इंजिन तापलं की ती थांबते. शिवाय आपल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्या हवेवर थंड होणाऱ्या. त्यांच्यात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रवच नाही, तर जळणार काय?

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. चोक ओढलेला राहिलाय का आणि एअर फिल्टर चोंदलाय का, आधी एवढंच बघा. फिल्टर तेलकट कागदाचा असेल तर धुऊ नका, सरळ बदला.

खरी गोम निळ्या धुरात आहे.

निळा धूर म्हणजे गाडी ऑइल खातेय. गॅरेजमध्ये लगेच ऐकायला मिळतं, ‘इंजिन काम निघालं.’ निघालं असेलही, पण कुठलं? ऑइलला पिस्टनच्या, म्हणजे इंजिनात वर-खाली होणाऱ्या दट्ट्याच्या माथ्यावर पोचायला दोन वाटा असतात. खालून, म्हणजे पिस्टनभोवतीच्या झिजलेल्या रिंगा आणि ओरखडे पडलेला बोअर, ज्या नळीत पिस्टन फिरतो ती. नाहीतर वरून, हेडमधल्या (इंजिनाच्या वरच्या भागातल्या) वॉल्व्हच्या दांड्यावर बसणाऱ्या सीलमधून. हे सील म्हणजे बोटाच्या पेराएवढी रबरी टोपी. वर्षानुवर्षं तापून ती कडक होते आणि ऑइल झिरपू देते.

कुठली वाट ते रंग सांगत नाही, धुराची वेळ सांगते. रात्रभर उभी गाडी चालू करताच निळा लोट येतो आणि मग सगळं साफ? संशय सीलवर. घाट उतरताना थ्रॉटल सोडलेला असतो, तेव्हा इंजिन आत जोरात ओढ घेतं आणि ऑइल सीलमधून खाली येतं. खाली पोचून रेस दिली की भपकारा निघतो. पण चढावर, डबलसीट, रेस वाढवली की सतत धूर येत असेल, तर रिंगा.

खात्री हवी? प्लग काढून गेजने कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना आत होणारा दाब, मोजा. कमी भरलं तर त्याच भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. काटा बराच वर गेला, तर रिंगा-बोअर गेले. पहिल्यापासूनच कॉम्प्रेशन ठणठणीत असेल आणि तरी धूर येत असेल, तर सील बघा.

फरक खिशाला कळतो. सीलसाठी हेड उतरवलं की भागतं. रिंगांसाठी बोअरही उतरतो, आणि तो झिजला असेल तर बोअर मोठा करून ओव्हरसाइज, म्हणजे थोड्या मोठ्या मापाच्या पिस्टनपर्यंत गोष्ट जाते.

टू-स्ट्रोक इंजिनाला, ज्यात असे वॉल्व्ह नसतात, मात्र हा हिशेब लावू नका. यामाहाच्या आरएक्स १०० मध्ये ऑइल पेट्रोलबरोबर जळायलाच असतं. थोडा निळा धूर हा तिचा स्वभाव. पण धूर एकदम वाढला आणि गिअर ऑइल कमी होऊ लागलं, तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील, म्हणजे गिअर ऑइल इंजिनात शिरू न देणारं सील, गेलेलं असतं. ते न बघता नवं पिस्टन बसवलं, तर बिल होतं आणि धूर तसाच राहतो.