द्राक्षाला विचारता, तेच चहाला विचारा

(नाशिकमधील एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय 'सुटा पत्ती चहा : निवड, खरेदी आणि आस्वाद' असा छापलाय. सुरुवातीलाच एक विचारते. घरी द्राक्षबाग असलेले किती जण आहेत इथे? हात वर करा. बघा, निफाड, दिंडोरी, पिंपळगाव मिळून जवळजवळ अर्धं सभागृह झालं. उरलेल्यांच्या घरी कुणा ना कुणा नातेवाइकाची पेटी जानेवारीत येतेच. म्हणजे मला हवे ते श्रोते मिळाले.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगते आणि मग त्याच्या मागे लागते. द्राक्ष घेताना जे प्रश्न आपल्या तोंडात आपोआप येतात, तेच प्रश्न चहा घेताना विचारायला लागा. जात कोणती, बाग कुठली, माल कधी उतरवला, कसा ठेवला. रविवार कारंजावर हातगाडीवाल्याकडून अर्धा किलो सोनाका घेणारी बाईसुद्धा देठ हिरवं आहे की वाळलं ते बघते. तीच बाई चहाच्या दुकानात एवढंच म्हणते, "कडक आहे ना?" आणि दुकानदार म्हणतो, "एकदम कडक." संपला व्यवहार!

दुधाच्या, आल्याच्या, उकळलेल्या चहाला नावं ठेवायला मी आलेले नाही, हे आधी स्पष्ट करते. निफाडला पारा घसरतो त्या पहाटे मलाही तोच चहा लागतो. तो चहा ज्या दाण्याचा होतो त्याची गोष्ट फार हुशारीची आहे. १९३० साली आसामात विल्यम मॅकर्चर नावाच्या माणसाने एक यंत्र काढलं. दात असलेले दोन रूळ वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि त्यांच्यामध्ये पान चिरडतं, फाटतं, वळतं. क्रश, टेअर, कर्ल, म्हणून सीटीसी. दुकानातली ममरी ती हीच. त्या दाण्यातून रंग आणि कडकपणा झटपट उतरतो, किलोमागे कप जास्त निघतात, आणि दूध घातलं तरी चव बुडत नाही. भारतात तयार होणारा बहुतेक चहा आज याच पद्धतीचा आहे.

त्याआधीही आपण फार चहा पीत होतो असं समजू नका. हा माल मुख्यतः विलायतेला जायचा. आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनला झाला, जानेवारी १८३९ मध्ये. आपल्या लोकांना चहाची सवय लागावी म्हणून विसाव्या शतकात रीतसर मोहीम चालवावी लागली. रेल्वे स्टेशनांवर चहा कसा करावा याच्या सूचनांचे पत्रे लावले गेले. सूचना होत्या किटलीत पत्ती मुरवायच्या. आपल्या टपरीवाल्यांनी पत्ती महाग म्हणून ती कमी केली, दूध, साखर, मसाला वाढवला आणि भांडं सरळ चुलीवर चढवलं. मोहीमवाल्यांना ते मुळीच आवडलं नव्हतं. मला या टपरीवाल्यांचा फार अभिमान वाटतो.

पण या सगळ्यात अख्खं पान आपल्या ओळखीतून गेलं. आता त्या पानाकडे येते. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे इथे थोडी रेंगाळणार आहे. चहाचं झाड एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. त्याचे मुख्य प्रकार दोन. बारीक पानाचा चिनी प्रकार थंडी सोसतो, तो दार्जिलिंगच्या डोंगरावर मुख्य. रुंद पानाचा आसामी प्रकार ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. हिरवा चहा आणि काळा चहा अशी वेगळी झाडं नसतात, पुढची प्रक्रिया वेगळी असते. दोन पानं आणि एक कळी खुडतात. ती पसरून कोमेजू देतात, मग वळतात. वळताना पेशी फुटतात, आतल्या पॉलिफेनॉलांना, म्हणजे तुरट द्रव्यांना, हवा लागते, पानातलं विकर, म्हणजे एन्झाइम, कामाला लागतं आणि हिरवं पान तांबूस होऊ लागतं. त्यातूनच थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन ही दोन द्रव्यं तयार होतात. पहिल्याने कपात झळाळी आणि तरतरी येते, दुसऱ्याने रंग आणि भरीवपणा. नेमक्या वेळी गरम हवेत सुकवून हे थांबवायचं. कधी थांबवायचं ते कारखान्यातला माणूस नाकाने ठरवतो. चार-साडेचार किलो ओल्या पानाचा एक किलो चहा होतो, आणि त्यात ओलावा उरतो जेमतेम ३ टक्के. हा ३ टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता माझी तक्रार. ही ऐकवल्याशिवाय मी इथून जाणार नाही. एका मोठ्या, चकचकीत दुकानात गेले होते. नाव घेत नाही, कुठल्या शहरातलं तेही सांगत नाही. भिंतभर काचेच्या बरण्या आणि प्रत्येक बरणीवर वरून दिवा सोडलेला. एकीवर लिहिलं होतं 'प्रीमियम दार्जिलिंग'. काउंटरवर विशीतला मुलगा होता, फार नम्र.

मी विचारलं, "बाळा, हा कुठल्या मळ्याचा?"

"दार्जिलिंगचा, मॅडम."

"दार्जिलिंगमध्ये ८७ मळे आहेत. त्यातला कुठला?"

"सगळ्यांचा मिक्स असेल."

"बरं, खुडणी कुठली? वसंतातली की उन्हाळ्यातली?"

"बारा महिने मिळतो, मॅडम. आपल्याकडे स्टॉक कायम असतो."

मी म्हटलं, झाकण काढ. वास घेतला. लवंग! शेजारच्या बरणीत लवंग होती आणि दोन्ही झाकणं सैल. तो ३ टक्के ओलाव्याचा चहा, आजूबाजूला जो वास सापडेल तो पिऊन घेतो. पान राखाडी पडलेलं, तळाला बोटभर भुगा. दिव्याखाली, काचेत, किती महिने बसला होता कोण जाणे. मुलगा म्हणाला, "मॅडम, हा एसएफटीजीएफओपी वन आहे, सगळ्यात भारी ग्रेड." ही अक्षरं कुणीतरी त्याच्याकडून पाठ करून घेतली होती. ती पानाचा आकार आणि त्यात सोनेरी कळ्या किती ते सांगतात. चवीबद्दल, ताजेपणाबद्दल त्यांत एक अक्षर नाही. पान कितीही अख्खं असलं तरी बरणीत मेलं की मेलं.

मग मी विचारलं, "तुझं गाव कुठलं रे?" म्हणाला, निफाड तालुका. "बाग आहे?" "आहे ना, अडीच एकर थॉमसन." मी म्हटलं, "व्यापारी बागेत आला की तुझ्या वडिलांना काय विचारतो?" आणि तो मुलगा जो फुलला! छाटणी कुठल्या तारखेची, शुगर किती भरली, मणी किती एमएमचा, शेवटची फवारणी कशाची आणि कधी, पाऊस लागला का, माल कोल्ड स्टोरेजला किती दिवस. "आणि काकू, एवढं विचारून परत चार घड हुडकून मणी तोडून खातो तो." मॅडमची काकू झाले होते मी. मी म्हटलं, "मग तुझ्या या बरणीला मी यातलं काहीच विचारू नको?" तो गप्प झाला. मॅनेजरांना बोलावलं. ते म्हणाले, "आमचे कस्टमर जार बघून घेतात."

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला जे येतं ते चहाच्या बाबतीत वापरायचं असतं, हे कुणी सांगितलंच नाही. राग आहे तो चार हजार रुपये किलोचा माल दिव्याखाली भाजत ठेवून वर 'प्रीमियम' लिहिणाऱ्यांवर. आपल्या जिल्ह्यात कुणी घड असे उन्हात मांडून विकले असते तर लोकांनी त्याला बाजारात उभं केलं नसतं.

याच ओघात एक गोष्ट सांगते, मला फार प्रिय आहे. दार्जिलिंगची दुसरी खुडणी मे-जूनमधली. तिला एक सुगंध असतो, त्याला मस्कटेल म्हणतात, मस्कट द्राक्षासारखा. तो येतो कुठून? त्याला मोठा हातभार लावतात तुडतुडे. हो, तेच, ज्यांच्यासाठी तुम्ही पंप पाठीवर घेता! तुडतुडा कोवळ्या पानाचा रस शोषतो, झाड बचावासाठी सुगंधी द्रव्यं तयार करतं, आणि कुशल हातांनी त्या पानाचा चहा केला की तो वास कपात उतरतो. लिनलूल आणि जिरॅनिऑल ही त्यातली द्रव्यं मस्कट द्राक्षातही असतात. म्हणजे पहिल्या घोटाला नाशिकचं नाक जे ओळखतं ते खरंच तिथे असतं. पाऊस सुरू झाला की पान भराभर वाढतं आणि तो सुगंध पातळ होतो. म्हणून खुडणी विचारायची.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. निवड आणि आस्वाद दोन्ही राहिलंय, आता भराभर सांगते.

काय घ्यावं? कोरा चहा कधी प्यायला नसाल तर नीलगिरीच्या ऑर्थोडॉक्स, म्हणजे सीटीसीचा दाणा न करता पान वळून केलेल्या पत्तीने सुरुवात करा. ती सौम्य, सुवासिक, किमतीला सोसवणारी. हिवाळ्यात धुकं-दवाच्या थंडीत खुडलेली मिळाली तर उत्तम. दुधाशिवाय जमतच नसेल तर आसामची दुसऱ्या खुडणीची अख्खी पत्ती घ्या, ती थोडं दूध झेलते. दार्जिलिंगची पहिली खुडणी, मार्च-एप्रिलची, हिरवट आणि फुलांच्या वासाची. तिच्यात दूध घालू नका. दुधातलं केसीन हे प्रथिन चहाच्या टॅनिनला, म्हणजे त्याच तुरट द्रव्यांना, धरून बसतं, मग एवढ्या नाजूक चहात उरतं काय? हिमाचलचा कांगडाही बघा. १९०५ च्या भूकंपाने तिथले मळे उद्ध्वस्त झाले, तरी तो चहा टिकून आहे.

कुठून घ्यावं? पाकिटावर मळ्याचं नाव, खुडणी आणि वर्ष असेल तिथून. दार्जिलिंगवर टी बोर्डाचं चिन्ह शोधा, हातात दोन पानं आणि कळी घेतलेल्या बाईचं. आपल्या द्राक्षासारखंच त्यालाही भौगोलिक मानांकन आहे, आणि देशातलं पहिलं ते त्याचंच. बरेच मळे आता घरपोच पाठवतात, १०-२० ग्रॅमची नमुना पाकिटंही देतात. आधी नमुना, मग १०० ग्रॅम. किलोभर कधीच नको. ओल्या टिपकागदावर चिमूटभर पत्ती पसरून बघा. लगेच रंगाचे डाग फुटले तर त्यात रंग मिसळलाय, दुकानदाराला परत करा.

महाग पडतो म्हणता? कपाला लागते अडीच ग्रॅम. किलोला चार हजार धरले तर कप दहा रुपयांना पडला. त्याच पत्तीवर दुसरं पाणी घातलं की पाचला.

पाणी नळाचं घ्या, बोअरचं नको. जड पाण्यात चहावर तवंग येतो आणि सुगंध मरतो. आसामला उकळतं पाणी, चार मिनिटं. दार्जिलिंगच्या पहिल्या खुडणीला उकळी थांबल्यावर दोन मिनिटं थांबून, तीन मिनिटं मुरवा. हिरव्या चहाला ७५-८० अंश. भांडं गॅसवर ठेवायचं नाही, झाकण ठेवायचं, वेळ झाली की सगळं गाळून घ्यायचं. जास्त मुरला की कडवट होतो, आणि मग लोक म्हणतात कोरा चहा कडू असतो. पत्ती घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाल्याच्या मांडणीपासून लांब. फ्रिजमध्ये नको, तिथे ओल आणि कालच्या भाजीचा वास दोन्ही असतात.

मागच्या टेबलावर तीन किटल्या आहेत: नीलगिरी, दार्जिलिंगची दुसरी खुडणी आणि आसाम. याच क्रमाने प्या, आसाम आधी घेतलात तर बाकीचे दोन कळणार नाहीत. दूध फक्त आसामच्या किटलीशेजारी ठेवलंय. किटल्यांसमोर बशीत पत्तीही मांडली आहे. बागायतदारांनी आधी तिच्याकडे यावं, हातात घेऊन बघावी, आणि काय दिसलं ते मला सांगावं.